पुसू नये

आठवीचा नवा वर्ग आला की पहिल्या तासाला मी पाचवीची गणितं घालते. स्टाफरूममध्ये ह्याला माझा दुष्टपणा म्हणतात. म्हणोत. आमच्या हायस्कुलात गावोगावच्या सातवीपर्यंतच्या शाळांतून मुलं येतात, आणि बावन्नातून अडतीस वजा करा म्हटलं की निम्मा वर्ग सव्वीस उत्तर काढतो. लहानातून मोठा जात नाही, म्हणून मोठ्यातून लहान. ह्यांना महिनाभरात बीजगणित शिकवायचं असतं.

एका वर्षी पूर्णगडची एक मुलगी आली. शाळेजवळ मांडवीला मावशीकडे राहायची. तिचंही उत्तर सव्वीस. दुसऱ्याच दिवशी तिची आई सातवीची वही घेऊन हजर. मासळीची टोपली दाराबाहेर ठेवून आत आली.

"बगा बाई, येक पन चूक नाय. नर्स व्हायचाय तिला."

वही देखणी होती. समास आखलेला, पानोपानी बरोबरच्या लाल खुणा. आणि प्रत्येक गणिताखाली, चौकटीत: पुसू नये. पुढच्या तासाला फळा तसाच हवा असला की आम्ही कोपऱ्यात लिहून ठेवतो ते. पोरीने ते उत्तराचाच भाग समजून वर्षभर उतरवलं होतं, आणि त्यावरही बरोबरची खूण होती.

स्टाफरूममध्ये हे सांगून मी सगळ्यांना हसवलं. खालच्या शाळांना लाखोली वाहिली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं कोणीतरी म्हणालं आणि मी मान डोलावली. त्याची आज मला लाज वाटते.

शाळा सुटल्यावर तिला थांबवून हातचा शिकवायचं मी ठरवलं. चार दिवस शिकवलाही, आणि तिला तो जमू लागला होता. मग मतदार याद्यांचं काम आलं, अभ्यासक्रम मागे पडला, आणि मीही वर्गात म्हणू लागले, उतरवून घ्या. सहामाहीच्या आधी वह्यांचा ढीग एका बैठकीत तपासून मोकळी झाले.

सहामाहीच्या पेपरात तिने समीकरण सुबक मांडलं होतं. फक्त ते प्रश्नातलं नव्हतं. वहीतलं पाठ केलेलं होतं, शेवटच्या चौकटीसकट. अख्ख्या पेपरात गुण चार पडले.

आई पुन्हा आली. एका हातात पेपर, दुसऱ्यात ह्या वर्षीची वही. ती भांडायला आली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने दोन्ही माझ्यासमोर उघडून ठेवली. वहीत 'पुसू नये'वर बरोबरची लाल खूण होती आणि खाली माझी सही.

"पोरीला हितं ठेवू का घरी न्हेऊ, ता ठरवायचाय," ती म्हणाली. "दोनी तुमीच तपासलाव. ह्यातला खरा कंचा, बाई?"