पान सत्तेचाळीस

शाळेकडून येणारी नियमांची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस अख्ख्या टेक्सासमध्ये एकच आहे, आणि तो आमच्या शेजारी राहतो. आम्ही बाकीचे पालक ‘वाचलं, समजलं’ या चौकोनात न वाचता, न समजता खूण करून मोकळे होतो. आमच्या शेजारणीचे वडील, म्हणजे सगळ्यांचे काका, ती पुस्तिका छापून घेतात, तिला ब्राऊन पेपरचं कव्हर घालतात आणि लाल पेन्सिल घेऊन बसतात. नागपूरला सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाने आमच्या या शुगर लँड गावच्या उन्हाळ्यात दुसरं करावं तरी काय?

त्यांचं लाडकं प्रकरण हत्यारांचं. माझ्या मुलाच्या वाढदिवसाला मी पोरांना पाण्याची पिस्तुलं वाटली, तर काकांनी दाराशी उभं राहून अकराच्या अकरा जप्त केली. “अगं, सोमवारी दप्तरात राहिलं म्हणजे? नक्कल असली तरी हत्यारच. पान सत्तेचाळीस.” मराठी मंडळाचं नाटक शाळेच्या हॉलमध्ये होतं, तेव्हा मावळ्यांच्या पुठ्ठ्याच्या तलवारींसाठी त्यांनी लेखी परवानगी मागितली. ती आलीच नाही आणि मावळे लाटणी घेऊन लढले. लाटण्याबद्दल पुस्तिकेत काही नाही, हे काकांनी आधीच तपासलं होतं. रोज सकाळी आमच्या गल्लीतल्या पोरांची दप्तरं तपासल्याशिवाय ते कुणाला बसमध्ये चढू देत नसत.

खंडेनवमीला काकांनी पाटावर स्क्रूड्रायव्हर, मुलीचा लॅपटॉप आणि नातीचं दप्तर मांडलं. शस्त्रपूजेला घरात शस्त्र म्हणून काही नव्हतं, म्हणून दिवाळीसाठी आणलेलं टिकल्यांचं पत्र्याचं पिस्तूल दप्तरावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घाई झाली. पूजेतलं दप्तर कसलं तपासायचं, म्हणून त्यांनी नुसती चेन ओढली आणि ते नातीच्या खांद्याला अडकवलं. पिस्तूल केव्हाच उघड्या कप्प्यात घसरलं होतं.

गणिताच्या तासाला पेन्सिल काढताना ते हळदकुंकवासकट जमिनीवर पडलं. वर्ग रिकामा केला गेला, आईला फोन गेला, सुनावणी ठरली. नियमावर बोट ठेवलं तर सहावीतल्या त्या पोरीची रवानगी शिस्त लावण्याच्या वेगळ्या शाळेत होऊ शकत होती.

सुनावणीला शेजारणीने मला सोबत नेलं आणि काकांना बजावलं, “बाबा, प्लीज, तिथे काही एक्स्प्लेन करू नका.”

काकांनी ते चार मिनिटं पाळलं. मग उठून आपल्या कचेरीतल्या इंग्रजीत म्हणाले, “मॅडम, नियम बरोबर आहे. गुन्हा माझा आहे. शिक्षा मला द्या.”

प्रिन्सिपलबाई म्हणाल्या, हे नियम विद्यार्थ्यांसाठी आहेत, आजोबांसाठी नाहीत.

“मग नियम अपुरा आहे,” काका म्हणाले आणि लाल पेन्सिलीने तिथल्या तिथे दुरुस्ती लिहून दिली.

बाईंनी ती वाचली, पोरीचा हेतू वाईट नव्हता असं नोंदवलं आणि तीन दिवस घरी बसवून प्रकरण मिटवलं.

ते तीन दिवस काकांनीही भोगले. फिरणं बंद, टीव्ही बंद, चहा बिनसाखरेचा. “आजोबा, इट्स ओके,” नात म्हणायची, “यू डोन्ट इव्हन गो टू माय स्कूल.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं, पडदे ओढलेले, घरात अंधार. बघते तर जेवणाच्या टेबलाखाली दोघं, काकांनी दुखरे गुडघे पोटाशी घेतलेले. नातीने मला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. शाळेत कुणी खरंच बंदूक आणली तर तुम्ही काय करता, असं काकांनी विचारलं होतं, आणि ती करून दाखवत होती.

“लाइट्स ऑफ, आजोबा. नो टॉकिंग. मी कपाटाच्या मागे बसते, बिकॉज आय ॲम स्मॉल.” शाळेतल्या सरावात बालवाडीपासून ती हे करत आली होती. दात घासायचे कसे हे सांगावं, तसं ती सांगत होती.

“आणि मग?” काकांनी कुजबुजत विचारलं.

“मग वेट करायचं.”

काकांनी तिचा हात धरला. मी डबा ओट्यावर ठेवला आणि आवाज न करता त्यांच्याशेजारी खाली बसले.