रोहूचे खवले

इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांचा विषय निघाला की अजून माझं डोकं फिरतं. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला वाचनाचं वावडं आहे. वावडं कसलं! एकाच गुप्तहेराच्या ओळीनं सात कादंबऱ्या मी अधाशासारख्या वाचल्यात. आठवी तेवढी अर्धवट राहिली.

नवेगाव बांध या गावी मी जंगलखात्यात कारकून होतो. डाकबंगल्यावर मुक्कामाला असलेला गोरा साहेब वाचून झालेली पुस्तकं माझ्याकडे फेकायचा. त्यातला तो विलायती शहाणा उशीवरच्या एका केसावरून खुनी धरायचा, आणि खोलीभर लोक तोंडात बोट घालून बघत राहायचे. ते बोट मला हवं होतं. मॅट्रिक नापास माणसाला दुसरं कोण विचारतो?

एके दुपारी साहेबाची हस्तिदंती सुरी हरवली. तेव्हा कितीक विलायती पुस्तकांची पानं जोडलेलीच येत, ती कापायची ही पातळ सुरी. आईनं दिलेली म्हणून साहेबानं बंगला डोक्यावर घेतला. चौकीचा जमादार आला, खानसाम्याला दमदाटी झाली. मला चेव चढला. खिडकीच्या चौकटीवर माशाचे दोन खवले चिकटलेले होते. ते मी कागदावर घेतले, साहेबापुढे धरले आणि पुस्तकी थाटात सांगितलं, चोर मासे धरणारा आहे. साहेबानं माझी पाठ थोपटली.

तळ्याच्या बांधावर मासे धरणाऱ्या एका ढिवराला ओढत आणलं. सकाळीच तो बंगल्यावर येऊन गेला होता, एवढं जमादाराला पुरलं. "बोल, कहाँ छुपाया?" म्हणत त्यानं त्याच्या उजव्या हातावर दंडुका घातला. दुसऱ्या फटक्याला मला आठवलं. साहेबाच्या जेवणासाठी रोहू मीच मागवला होता. साहेबाला दाखव म्हणून त्याला त्या खिडकीशी मीच उभा केला होता. आठवलं, आणि मी मूग गिळून गप्प बसलो. पाठीवर साहेबाची थाप पडली होती ना! थू त्या थापेवर, आणि माझ्यावर.

ढिवर कोठडीत गेला. आठवड्यानं साहेबानं मला बक्षीस म्हणून आठवी कादंबरी दिली. त्याला ती कंटाळवाणी वाटली होती, निम्म्याच पानांवर सोडलेली. मी ती हावऱ्यासारखी वाचत कापलेल्या शेवटच्या पानाशी आलो, तर तिथं ती सुरी.

पळत बंगल्यावर गेलो. "अच्छा, इथं होती!" म्हणून साहेब हसला, सुरी खिशात टाकली आणि जमादाराला दोन ओळींची चिठ्ठी लिहिली. माफीचा एक शब्द त्यात नव्हता. मीही तो मागितला नाही.

ढिवर सुटला तेव्हा मी चौकीच्या दाराशी उभा होतो. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली होती. त्याच हातानं तो जाळं फेकायचा. मी आपला बडबडत सुटलो, सुरी मीच शोधली, मीच साहेबाकडे पळालो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मासोळी तं तुमीच आणाले सांगतली होती, बाबूजी," तो म्हणाला. "मी मार खाऊन राहिलो होतो, अना तुमच्याचकडे पाहून राहिलो होतो. काऊन नाही बोलले?"