शून्यावरची सायकल

माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. बायको म्हणते, हा माणूस दूधवाल्याकडेही पोलिसासारखा बघतो. बघतोच! गुडगावात आम्ही नवेनवे आलो तेव्हा बिल्डरने घरासमोर बाग होणार म्हणून रंगीत कागद नाचवला होता. त्या बागेच्या जागी आज फ्लायओव्हर आहे. तेव्हापासून गोड बोलणाऱ्याचं मी आधी तोंड बघतो, मग ऐकतो.

हृदयात स्टेंट बसला आणि डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण दम लागेपर्यंत नको. पुण्याहून आणलेली माझी सायकल बाल्कनीत धूळ खात पडली होती. बायकोने अट घातली, "आधी मोटर बसवायची. नाहीतर ती भंगारात जाईल, सांगून ठेवते." जुन्या गुडगावातल्या मेकॅनिकने दोन पेडलांच्या मधे एक काळं धूड बसवलं. आपण पेडल मारलं की ते चेन ओढायला मदत करतं. हँडलवर छोटा पडदा, त्यावर शून्य ते पाच आकडे. पाचावर चढ कळतही नाही. शून्यावर मोटर बंद, सगळं काम पायांचं.

मी मनाशी ठरवलं, शून्यावर तो फ्लायओव्हर चढायचा आणि त्याच दिवशी मोटर उतरवायची. छातीत स्प्रिंग, सायकलला मोटर. माझं स्वतःचं असं काही उरलंय की नाही, एवढंच मला बघायचं होतं.

आणि चढलो की! वर पोचल्यावर रडूच यायचं बाकी होतं. घरी येऊन जाहीर केलं, "आता काढतो ती मोटर." बायको कणीक मळत होती, मान वर न करता म्हणाली, "महिनाभर थांबा."

थांबलो, आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. गाड्यांचा आवाज थांबला की शून्यावरही पायाखाली बारीक गुणगुण ऐकू यायची. बॅटरीही उतरलेली असायची. मेकॅनिकला विचारलं तर तो म्हणे, "अंकल, बिल्कुल ठीक है." बायकोला विचारलं, तर "कान वाजतायत तुमचे. आणि बॅटरी काय, आपोआपही उतरते." जी बाई जन्मात सायकलजवळ फिरकली नाही, तिच्याकडे उत्तर इतकं तयार कसं?

एका सकाळी मी बॅटरीच काढली, चपलांच्या कपाटामागे लपवली आणि निघालो. सायकल उलट हलकी झालेली. तरी अर्ध्या चढावर मांड्या भरून आल्या, छातीत धडधडायला लागलं. उतरलो, कठड्याला टेकून बसलो. कॅबवाले हॉर्न मारत जात होते. भीती वाटली, आणि भीतीपेक्षा राग जास्त आला.

घरी पोचलो तर बायको दारातच, हातात बॅटरी. झाडू मारताना सापडली असणार. चेहरा पांढराफटक.

"चढलात?"

"नाही. शून्यावर मोटर चालत होती. कुणी केलं हे?"

"मी. तुम्ही मोटर बंद करून चढणार, हे मला माहीत नव्हतं होय? त्या मेकॅनिकलाच म्हटलं, शून्यावरही थोडी चालू राहील असं कर. तो म्हणाला, होता है आंटी." मग तिचा आवाज चढला. "तुम्हाला स्टेंट घालायला आत नेलं, तेव्हा हॉस्पिटलबाहेर त्या बाकावर तुम्ही नव्हता बसलात, मी बसले होते!"

मी तिच्या हातातून बॅटरी घेतली. तीच म्हणाली, "जा, करून आणा तुमचं शून्य. मी अडवणार नाही."

बॅटरी लावून तावातावाने गेलो. मेकॅनिकने मान खाली घालूनच विचारलं, "अंकल, ज़ीरो को ज़ीरो कर दूँ?"

मी पडद्याकडे बघत राहिलो. मला तो बाक दिसत होता.

"रहने दो," मी म्हटलं.

घरी येऊन दारातूनच सांगितलं, "तसंच ठेवलंय."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, अगदी मी दूधवाल्याकडे बघतो तसं. मग माझ्यासमोरच मेकॅनिकला फोन लावून खरं का ते विचारलं. तो हो म्हणाला, तेव्हा ती चपलांच्या कपाटाशी खाली बसली आणि रडली.