आठ दिवसवाल्या डॉक्टरांची पट्टी

आमच्या बाबांना गल्लीत ‘आठ दिवस’ म्हणत. ताप असो, कंबर धरलेली असो, नाहीतर सासूशी बिनसलेलं असो, पेशंटचं मनगट सोडलं की बाबांचं ठरलेलं वाक्य यायचं, “आठ दिवसांत बरं वाटेल.” लोकांना औषधापेक्षा त्या वाक्यानंच बरं वाटायचं, असं माझं अजूनही मत आहे.

त्याच बाबांनी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी न्यायवैद्यकाच्या पदव्युत्तर पदविकेचा फॉर्म भरला. न्यायवैद्यक म्हणजे जखमा आणि मृतदेह पाहून खरं काय घडलं ते कोर्टाला सांगायची विद्या. नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली. चांगला चालता दवाखाना, पिकलेले केस, आणि आता हे प्रेतं फाडायला शिकणार?

खरं कारण आई, बाबा आणि मी, आम्हा तिघांनाच माहीत होतं. समोरच्या इस्त्रीवाल्या मावशींना त्यांच्या नवऱ्यानं मारलं होतं. बाबांनी कागदावर ‘मुका मार’ एवढंच लिहिलं, मलम दिलं आणि नेहमीचे आठ दिवस सांगितले. पुढे कोर्टात नवऱ्याच्या वकिलानं विचारलं, वळ कोणत्या हातावर होता? ‘माहीत नाही’ म्हणायची बाबांना सवयच नव्हती. त्यांनी ठोकून दिलं, “डाव्या.” वळ मावशींच्या उजव्या हातावर होता, त्यामुळे बाबांची साक्षच खोटी पडली. ‘ती जिन्यावरून पडली’ असं सांगून नवरा सुटला आणि घरी परतला. दुसऱ्या दिवशी मावशी बाबांचे शर्ट नेहमीसारखे इस्त्री करून देऊन गेल्या. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बाबांना सोपं गेलं असतं.

मग दोन वर्षं शनिवार-रविवार बाबा मेडिकल कॉलेजात. शवागारातून आले की आई त्यांना दारातूनच न्हाणीघरात पिटाळायची. तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी प्रत्येकाला जखमा मोजायची एक छोटी पट्टी दिली होती. बाबा दिसेल ते मोजत सुटले. माझा खरचटलेला गुडघा त्यांनी फुंकर घालायच्या आधी मोजला, याचा मला फार राग आला होता.

तोंडी परीक्षेत खोटं खोटं कोर्ट भरायचं. त्याच्या तयारीसाठी जेवणाच्या टेबलावर आई वकील व्हायची.

“दूध किती वाजता उतू गेलं?”

“आठला.”

“तुम्ही पाहिलंत?”

“नाही.”

“मग?”

बाबांनी वरणात चमचा फिरवला.

“अहो, माहीत नाही म्हणा. जीभ झडणार नाही.”

ते शब्द तोंडातून निघायला महिना लागला. “वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ऐकलं,” आई म्हणाली आणि हसता हसता तिला ठसका लागला. ते टेबल आठवलं की मला आजही भरून येतं. आम्ही तिघं तेव्हा इतकी सुखात होतो आणि मला ते कळलंही नव्हतं.

पदविका मिळून वर्ष होत नाही तोच मावशी पुन्हा दवाखान्यात आल्या आणि त्यांनी बाही वर केली. “मोजू का?” बाबांनी विचारलं. पट्टी शेजारी धरून फोटो काढला, एकेक वळ लिहून ठेवला.

कोर्टात वकील तोच होता. आई आणि मी मागच्या बाकावर बसलो होतो.

“जखम नेमकी किती वाजता झाली?”

“माहीत नाही.”

वकिलाची कळी खुलली. “मग तुम्हाला माहीत तरी काय आहे?”

“उजव्या दंडावर अकरा सेंटिमीटर लांब दोन समांतर रेषा होत्या, मधली कातडी फिकी. असा वळ काठीनं उठतो. जिन्यावरून पडून नाही.”

नवऱ्याला शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर मावशींनी बाबांना गाठलं. “डॉक्टर, आता माझं सगळं नीट होईल ना?”

आई आणि मी, दोघी त्या आठ दिवसांच्या वाक्याची वाट पाहत होतो.

“माहीत नाही, ताई,” बाबा म्हणाले.

मावशींनी मान हलवली. “मागच्या वेळी तुम्ही आठ दिवस म्हणाला होतात. मी रोज मोजत होते.”

त्यानंतर बाबांनी कुणालाच आठ दिवस सांगितले नाहीत. गल्लीतलं नाव मात्र शेवटपर्यंत तेच राहिलं.