दाराबाहेरच्या चपला

माझ्या सासऱ्यांनी आजवर एकाही माणसाला तोंडावरून ओळखलेलं नाही. तोंड ही वस्तूच त्यांना भरवशाची वाटत नाही. "तोंड काय, माणूस धुऊनपुसून आणतंय," ते म्हणतात, "चप्पल कोण धुतंय?" कुणाच्याही घरी गेले की आधी ते दारात थबकतात, डोळे किलकिले करून तिथल्या चपलांकडे बघतात, एखादी पालथी करून टाच निरखतात, अंगठ्याच्या खळग्यावरून बोट फिरवतात, आणि मगच आत येतात. आत आल्यावर "कसं काय, बरं हाय ना?" असं विचारायची त्यांना गरजच उरत नाही. उत्तर दारातच मिळालेलं असतं. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना मामा म्हणतो. माझी बायको त्यांना दादा म्हणते, आणि रेणापुरात सगळे त्यांना कंपाउंडर साहेब म्हणतात, कारण तिथल्या दवाखान्यात त्यांनी तीस-पस्तीस वर्षं गोळ्यांच्या पुड्या बांधल्या.

हे चपलांचं शास्त्र मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच लग्नाच्या वेळी. मामा मला बघायला लोह्याला आमच्या घरी आले होते. मी इस्त्रीचा सदरा घालून, केसांना तेल लावून, अभ्यासू चेहरा करून बसलो होतो. मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दारातल्या चपलांपाशी उकिडवे बसून त्यांनी विचारलं, "ह्यातली पोराची कंची?" आईने बोट दाखवलं. त्यांनी ती उचलून पालथी केली तशी आई मनातून हादरली. उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, आणि इथे तर सोयरीकही जुळायची होती! मामांनी टाच उजेडाकडे धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "टाच बाहेरच्या अंगानं झिजली. पोरगं चालतंय, हिंडतंय, माणसात हाय. पोरगी द्यायला हरकत न्हाई."

आता इतक्या वर्षांनी कबूल करायला हवं की ती चप्पल माझी नव्हतीच. माझ्या चपलेचा अंगठा आदल्या दिवशी तुटला होता, म्हणून मी थोरल्या भावाची, दत्ताची, पायात सरकवली होती. रोज शेतापर्यंत चालत जाऊन चालत येणारा तो. मी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं छातीवर ठेवून बाजेवर पडून राहणारा. माझी स्वतःची चप्पल मामांच्या हाती पडली असती, तर त्यांनी चहासुद्धा घेतला नसता. पुढे संसार झाला, नांदेडला नोकरी लागली, मुलं मोठी झाली, आणि ही चोरी मी पोटात ठेवून त्यांच्या पाया पडत राहिलो.

मामांनी हे शास्त्र कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही. दवाखान्यात गोळ्या द्यायची त्यांची खिडकी होती, तिच्यासमोरच व्हरांड्याची पायरी, आणि पायरीवर रोग्यांनी काढून ठेवलेल्या चपला. दुपारी गर्दी ओसरली की कडुलिंबाची सावली त्या पायरीवर यायची आणि मामा पेंगुळल्या डोळ्यांनी चपला बघत बसायचे. एका पायाची जास्त झिजली असेल तर दुसरा गुडघा दुखतोय. टाच शाबूत आणि पुढचा भाग झिजलेला असेल तर माणूस घाईत आहे आणि त्याला झोप नाही. एकदा म्हणे दोन बायका एकाच दिवशी गुडघे दाखवायला आल्या. दोघी पन्नाशीच्या. एक रोजाने दुसऱ्यांच्या शेतात जाणारी, तिची चप्पल तारेने शिवलेली आणि तळवा मधोमध आरपार गेलेला. दुसरी मोठ्या घरची, तिची चप्पल चार वर्षांपूर्वी लेकाच्या लग्नात घेतलेली, पण कालच पेटीतून काढल्यासारखी कोरी. "दोघींचे गुडघे गेलेले," मामा सांगतात. "एकीचे चालून चालून, एकीचे बसून बसून. एकीला कुणी बसू दिलं न्हाई, एकीला कुणी उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं न्हाई. आन आमी दोघींला एकच गोळी दिली." त्यातल्या पहिल्या बाईबद्दल मामा डॉक्टरांना म्हणाले होते, "साहेब, हिला गोळी नको, चार दिवस सुट्टी पायजे." डॉक्टर म्हणाले, "ती आपल्या स्टॉकला नाही, कंपाउंडर." ही गोष्ट मामा हसत हसत सांगायला लागतात आणि शेवटी त्यांचा आवाज खाली येतो.

सेवानिवृत्तीनंतर तर हे शास्त्र पूर्णवेळ झालं. सासूबाई गेल्यावर मामा रेणापुरात एकटेच राहायचे. सकाळी सहाला बाहेर पडायचे आणि गल्लीतल्या, बाजारातल्या, पलीकडच्या वस्तीतल्या दहा-बारा म्हाताऱ्यांच्या दारांवरून चक्कर मारायचे. आत जायचे नाहीत. दारातली चप्पल काल होती तशीच, त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून असली की मात्र कडी वाजवायचे. "तुमची चप्पल दोन दिस झाले तितंच हाय. काय करून राहिलाव घरात?" मग त्या माणसाला उठवून, कुरकुर करत असला तरी कोपऱ्यावरच्या हॉटेलापर्यंत न्यायचे. चक्कर संपायची ती त्यांचे मित्र, निवृत्त शिक्षक असलेल्या गुरुजींच्या दारात. मामा म्हणणार, "जय भीम, गुरुजी," आणि गुरुजी म्हणणार, "राम राम, कंपाउंडर साहेब." चाळीस वर्षं दोघं एकमेकांचा नमस्कार असा अदलाबदल करून वापरतायत. मग बिनसाखरेचा चहा आणि एका वर्तमानपत्राची दोन अर्धी. म्हातारपण म्हणजे काय, असं मी मामांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "दिवसातून किती दारात जातो ते मोजा. एकाबी दारात जाणं झालं न्हाई, की म्हातारा झालो म्हणायचं."

दहा-बारा घरांच्या तब्येती सांभाळणारा हा माणूस एका हिवाळ्यात स्वतःच पडला. सकाळी साखरेची गोळी घेतली आणि चकरेला उशीर होतोय म्हणून भाकरी करायची राहून गेली. गुरुजींच्या गल्लीच्या तोंडाशीच डोळ्यांपुढे अंधारी आली. नशीब, नुसतं खरचटलं. पण बायकोने त्याच दिवशी मला रेणापूरला धाडलं आणि मामा आमच्याकडे नांदेडला आले.

आणि इथे आम्ही ती चूक केली, जी आमच्याकडची माणसंच करू जाणोत. आम्ही त्यांचा मान ठेवला. मुलीच्या घरी बापाने काम करायचं नसतं आणि जावयाच्या घरी सासऱ्याने तांब्यासुद्धा उचलायचा नसतो. मामा पाणी घ्यायला उठले की मी उठायचो, "मामा, तुम्ही बसा." मी उठलो की ते उठायचे, "न्हाई न्हाई, पाव्हणं, तुमी बसा." जावयाला कामाला लावणं हा त्यांच्या लेखी गुन्हाच. असे आम्ही दोघं उभे, आणि पाणी शेवटी बायको आणायची. भाजी आणायला निघाले की पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली जायची. जिना नको म्हणून लिफ्ट, लिफ्ट बंद म्हणून घरातच. बायकोने त्यांना मऊ तळव्याची महागडी नवी चप्पल आणली. मामांनी ती पायात घालून बैठकीतून गॅलरीपर्यंत चालून दाखवली आणि "बेस हाय, माय" म्हणून काढून ठेवली. आमचं तिसऱ्या मजल्यावरचं घर त्यांना कळलंच नाही. मजल्यावर चार दारं, चारही बंद, आणि प्रत्येक दाराशी झाकणाचं कपाट. पहिल्याच दिवशी ते हताश होऊन म्हणाले, "पाव्हणं, हितं माणसं चपला कोंडून ठेवत्यात की हो!" समोरच्या घरात कोण राहतं, त्याला काय होतंय, हे वाचायला त्यांच्याजवळ काहीच उरलं नव्हतं.

रिपोर्ट मात्र सुरेख येत होते. साखर ताब्यात, रक्तदाब ताब्यात. बायको ते कागद मैत्रिणींना दाखवायची. मामा गॅलरीत खुर्चीवर बसायचे, डोळे मिटून, पायांची बोटं किंचित हलवत. एका दुपारी मी विचारलं, "मामा, डोळा लागला का?"

"न्हाई. बाजारात पोचलोय," ते डोळे न उघडता म्हणाले. "आज भेंडी चांगली आलीय."

मग मला त्याचा छंदच लागला. सुट्टीच्या दिवशी मी शेजारी खुर्ची टाकून बसायचो. खाली रस्त्यावर रिक्षांची वर्दळ, समोर इमारतीच्या भिंतीवर सरकत जाणारं ऊन, आणि मामा हलक्या आवाजात मला रेणापूर फिरवून आणायचे. हा वळणावरचा कडुलिंब, हे शिंप्याचं घर, त्याची चप्पल दारात नाही म्हणजे स्वारी ठीक आहे. ही बोअरवर पाणी भरणाऱ्या बायकांची रांग. आता गुरुजींच्या अंगणातली जास्वंद. ऐकता ऐकता मलाही पेंग यायची आणि मीही त्या गल्लीतून त्यांच्यामागे अर्धवट झोपेत चालत राहायचो. ते दिवस मला अजून गोड वाटतात, आणि त्याचीच मला लाज वाटते. समोर माणूस विझत होता आणि मी त्याच्या गोष्टी ऐकत होतो.

कारण हळूहळू ती चक्कर आखूड होत गेली. आधी पलीकडची वस्ती गळली, मग बाजार. शब्द अडायला लागले. एका दुपारी मामा मधेच थांबले, कपाळावर आठी. मी विचारलं, "कुठवर आलो, मामा?" त्यांनी डोळे उघडले. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "गुरुजीची गल्लीच सापडंना झालीय."

मी उठलो, दाराशी गेलो, आमच्या कपाटाचं झाकण उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याची चप्पल पालथी केली. तळव्यावरचा दुकानाचा कागदी शिक्का जसाच्या तसा होता. कडासुद्धा मळल्या नव्हत्या. चार महिन्यांत तो माणूस कुठेही गेला नव्हता. मी ती चप्पल तशीच स्वयंपाकघरात नेऊन बायकोच्या पुढे धरली. एरवी तिने मला हाकलून दिलं असतं. तिने तो शिक्का पाहिला आणि ओट्याला टेकून रडली.

"पुन्हा पडले तर?" ती म्हणाली. "लोक म्हणतील, पोटच्या पोरीला चार महिन्यांत बाप जड झाला."

पडण्याची भीती खरी होती आणि हा शिक्काही खरा होता. शेवटी तिनेच गुरुजींना फोन लावला. गुरुजी सगळं ऐकून म्हणाले, "ताई, सकाळची भाकर माझ्याकडं आन गोळी माझ्यासमोर. बाकी चालायचं त्यांचं ते बघतील. तुमी आणून सोडा फक्त. हितली निम्मी म्हातारी त्यांची वाट बघत आजारी पडून राहिलीत."

रेणापूरला पोचलो तेव्हा गुरुजी गल्लीच्या तोंडाशीच उभे होते. "राम राम, कंपाउंडर साहेब." मामा दोन क्षण त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, मला वाटलं, संपलं. मग त्यांची नजर गुरुजींच्या पायाकडे गेली आणि चेहरा उजळला. "जय भीम, गुरुजी! डावी टाच लई झिजली. उजवा गुडघा धरलाय जनू?"

संध्याकाळी निघताना मी पायरीवर बसलो आणि इतक्या वर्षांची चोरी सांगून टाकली. मामा, त्या दिवशीची चप्पल माझी नव्हती, दत्ताची होती. मामा शांतपणे म्हणाले, "तवाच कळलं व्हतं. तुमचा पाय आखूड, ठसा लांब."

"मग मुलगी दिलीत कामून?"

"तुमचा भाऊ आमाला गाडीपर्यंत सोडाय आला, भर उन्हात, अनवाणी. तुमी त्याची चप्पल घालून फटाफट चालून राहिलते, आन त्याच्या कपाळाला आठी न्हाई. म्या म्हटलं, एकमेकाची चप्पल न इचारता घालतेत, ह्या घरात माझी माय सुखात ऱ्हाईल." असं म्हणून त्यांनी माझी पायातली चप्पल बघितली, सपाट, कोरी, ऑफिसातल्या खुर्चीखाली वाढलेली, आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

आता रोज सकाळी साडेसातला, मामा भाकर-गोळी घेऊन चकरेला निघाले की, गुरुजींचा फोन येतो. ते एवढंच म्हणतात, "ताई, चप्पल निघाली." बायको "हाव, गुरुजी" म्हणते आणि मग आमच्या घरात चहाचं आधण चढतं. एखाद्या सकाळी तो फोन वेगळा असेल हे आम्हा दोघांना माहीत आहे. साडेसातच्या वर पाच मिनिटं झाली की ती उगीच ओटा पुसते आणि मी उगीच घड्याळाकडे बघतो. गेलेले शब्द काही सगळे परत आले नाहीत. मागच्या खेपेला मामांनी मला "या, दत्ताराव" म्हणून हाक मारली. मी दुरुस्त केलं नाही, दत्ता म्हणूनच आत गेलो आणि चहा घेतला.

मीही आता सकाळी तीन मजले पायी उतरतो आणि गोदावरीच्या घाटापर्यंत जाऊन येतो. परवा दाराशी बसून चप्पल उजेडात धरली, तर टाच बाहेरच्या अंगाने थोडी, अगदी बोटाला कळेल न कळेल इतकी, झिजायला लागली आहे. या रविवारी रेणापूरला जायचं आहे. मामांच्या हातात ती पालथी करून द्यायची आहे, त्यांना वाचता येतंय तोवर, आणि सांगायचं आहे की मामा, नीट बघा, या वेळची माझीच आहे.