सिस्टरांची वही आणि माझी इस्त्री

मला लोकांना शिकवायची फार हौस. सातपूरच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर विभागात होतो. विभाग म्हणजे मी, एक खोली आणि एक एसी. तो एसी कॉम्प्युटरसाठी आहे, माझ्यासाठी नाही, हे साहेबांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं होतं. तिथे बसून नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मला मुक्त सॉफ्टवेअरचं वेड लागलं. वेड कसलं, अंगातच आलं! जे सॉफ्टवेअर कोणीही घ्यावं, उघडून बघावं, हवं तसं बदलावं, दुसऱ्याला द्यावं, ते गोरगरिबांचं भलं करणार म्हणजे करणारच. लग्नात, बारशाला, दाढीच्या दुकानात, कुठेही मी खिशातून सीडी काढायचो. मला लांबून बघितलं की नातेवाइकांना अचानक गॅसवर ठेवलेलं दूध आठवायचं.

नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा माझ्या हाती एक खास सीडी आली. परदेशातल्या काही हौशी मंडळींनी गरीब देशांतल्या सरकारी दवाखान्यांसाठी एक प्रोग्राम लिहिला होता. पेशंटची नोंद, गरोदर बायकांची नोंद, लसी, सगळं त्यात. मी तो तीन महिने खपून मराठीत आणला. माझं मराठी त्या काळात जरा जास्तच शुद्ध होतं. काही चुकलं की पडद्यावर अक्षरं यायची, ‘प्रमाद घडला आहे’.

पेठ गावाच्या पलीकडे एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आमच्याच गल्लीतले एक तरुण डॉक्टर लागले होते. त्यांनी नको म्हणायच्या आत मी कारखान्याने भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर मागून घेतला, गोधडीत गुंडाळला आणि नाशिकच्या जुन्या सीबीएस स्टँडवरून एसटीत घातला. घाटात दर वळणाला मी त्याला पोटाशी धरत होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, “आत काय, बाळ हाये का?” मी हो म्हणालो असतो तरी चाललं असतं.

केंद्रात एक नर्सबाई होत्या. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. चाळिशीच्या, मूळच्या ओझरकडच्या, आवाज खणखणीत. त्यांच्याकडे स्वतःचे आठ पाडे होतेच. शेजारच्या भागातली नर्स बदलून गेली होती आणि तिच्या जागी कोणी आलं नव्हतं, म्हणून तेही पाडे यांच्याच गळ्यात. मी त्यांना खुर्चीवर बसवून माऊस हातात दिला आणि सुरू झालो.

“सिस्टर, हे फुकट आहे म्हणून चांगलं नाही, मुक्त आहे म्हणून चांगलं आहे.”

“म्हणजे औषधवाले सँपल देतात तसं?”

“नाही हो! हे कोणीही बदलू शकतं. कंपनीची परवानगी नको, काही नको. तुमच्या कामाला जे लागेल ते यात घालता येतं.”

तेवढ्यात त्यांनी चुकीचं बटण दाबलं आणि प्रमाद घडला. सिस्टरांनी तो मोठ्याने वाचला आणि विचारलं, “कोणाकडून घडला?” मी म्हणालो, “तुमच्याकडून.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उगाच वायर हलवून पाहिली.

दोन-तीन रविवार असे गेले. मग एकदा त्या म्हणाल्या, “सर, यात माझी खूण करायला एक जागा द्या ना.”

“कसली खूण?”

“अशीच. माझी मला कळायला.”

“सिस्टर, कॉम्प्युटरला ‘अशीच’ चालत नाही. खुणेची व्याख्या लागते. काय असलं की खूण करायची, ते ठरलं पाहिजे.”

“बघितलं की कळतं मला.”

“तेच तर चालत नाही!” असं म्हणून मी त्यांना शास्त्रीय दृष्टिकोनावर अर्धा तास ऐकवलं. कोणीही बदलू शकतं असं ज्याच्याबद्दल मी गावभर सांगत फिरत होतो, ते एका बाईंनी पहिल्यांदा बदलायला सांगितलं आणि मी नाही म्हणालो. मला तेव्हा त्यात काही विचित्रसुद्धा वाटलं नाही. सिस्टर “बरं” म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका असं “बरं” म्हणतात तेव्हा शहाण्या माणसाने दोन मिनिटं थांबून विचार करावा. मी थांबलो नाही.

आता नोंदी भरायच्या होत्या. सरकारी रजिस्टरात एका गरोदर बाईला एक आडवी ओळ असायची, त्यात काही कळायचं नाही. पण सिस्टरांची स्वतःची एक जाड वही होती आणि तिच्यात एका बाईला एक पान. नाव, पाडा, कितवं बाळंतपण, लोहाच्या गोळ्या दिल्या का, सगळं बारीक अक्षरात. मी कारखान्यात सोमवारपर्यंत रजा टाकून शुक्रवारी तिकडे गेलो आणि म्हणालो, “वही मला द्या, सोमवारी सकाळी परत आणतो. सगळं कॉम्प्युटरवर चढवलेलं असेल.” त्या जरा घुटमळल्या. सोमवारी त्यांना वही लागणारच होती. पण डॉक्टर म्हणाले, “द्या हो, एवढे लांबून येतात बिचारे.” बिचारा मी वही घेऊन नाशिकला आलो.

घरी जेवणाच्या टेबलावर वही उघडली तर काय, कितीतरी पानांचे वरचे कोपरे दुमडलेले! शाळेपासून मला दुमडलेल्या पानांचा राग. शिवाय टाइप करताना पान उभं राहावं म्हणून मी पुठ्ठ्याचा स्टँड केला होता, त्यावर ही पानं घसरायची. मी एकेक कोपरा उघडला. तरी तो परत उभा राहायचा. मग मी इस्त्री काढली. हो, कपड्यांची इस्त्री. कमी आचेवर, वर हातरुमाल टाकून, एकेक कोपरा असा सपाट केला की छापखान्यातून आलाय असं वाटावं. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “अहो, एवढी गरम केलीच आहे तर तुमचा शर्टही करून घ्या.” मी तिला गरिबांच्या आरोग्यसेवेबद्दल थोडं सांगितलं. वर वहीला खाकी कव्हर घातलं, लेबल चिकटवलं, आणि लेबलावर माझ्या शुद्ध मराठीत ‘गर्भवती नोंदवही’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

सोमवारी सकाळी मी ती वही सिस्टरांच्या हातात दिली आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. त्यांनी एक पान उलटलं, मग दुसरं. मग भराभर पंचवीस-तीस.

“सर, कोपरे कुठं गेले?”

“सरळ केले!” मी म्हणालो. “इस्त्री फिरवली.”

सिस्टर बाकावर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एकदम हळू आवाजात बोलायला लागल्या. बीपीचं मशीन दोन महिन्यांपूर्वी दुरुस्तीला गेलं होतं, ते आलंच नव्हतं. तोवर त्या डोळ्यांनी बघून ठरवत. कोणाच्या चेहऱ्यावर सूज आहे, कोणाची जीभ पांढरी पडलीय, कोणाचं आधीचं मूल गेलंय. जिची काळजी वाटेल तिचं पान दुमडायचं, ती सुखरूप बाळंत झाली की कोपरा सरळ करायचा.

“पण लिहून का नाही ठेवलं?” हे मी विचारलं. अजूनही विचारत होतो, बघा.

“लिहिलं की वरून विचारतात, मशीन नाही तर कशावरून लिहिलं? दुमडलेल्या पानाला कोणी काही विचारत नाही.”

त्यांच्या पाड्यांतल्या बायका त्यांना तोंडपाठ होत्या. घोळ झाला होता तो शेजारच्या भागाचा. तिथल्या बायका त्यांनी गुरुवारी आठवड्याच्या बाजारात, एका झाडाखाली बसून तपासल्या होत्या. एका दिवसात साठेक. चेहरे लक्षात होते, पण कुठला चेहरा कुठल्या पानावरचा ते नाही. आणि त्यातल्या एकीच्या पायावर त्यांनी बोट दाबलं होतं तर पडलेला खड्डा भरूनच येईना. तिला आज ग्रामीण रुग्णालयात न्यायचं होतं. जीप सोमवारच्या आधी मिळत नव्हती. जीपवाल्याला सांगून ठेवलं होतं, तो बाहेर येऊन उभाही होता.

“नाव काय तिचं?” मी विचारलं.

“तेच बघायला वही उघडली ना.”

मी कॉम्प्युटरकडे धावलो. माझ्याकडे सगळ्या साठजणी होत्या, वयानुसार, पाड्यानुसार, अकारविल्हे. मी ‘सूज’ असा शब्द शोधला. उत्तर आलं, ‘एकही नोंद आढळली नाही’. मुक्त सॉफ्टवेअर, परदेशातली ती हौशी मंडळी, माझी तीन महिन्यांची मेहनत, सगळं त्या एका ओळीत बसलं होतं, आणि तिकडे कुठल्यातरी पाड्यावर एक बाई सुजत चालली होती. माझ्यामुळे. मला रडू येईल असं वाटलं.

सिस्टर मात्र उठल्या. वही खिडकीशी नेऊन त्यांनी एकेक पान उजेडासमोर धरायला सुरुवात केली. नीट बघितलं की घडीची पुसट रेघ दिसत होती. पुसट, कारण माझी इस्त्री चांगली असते. पण पिशवीत कोंबून कोंबून मुडपलेली पानंही होती, त्यांच्याही रेघा तशाच. शेजारच्या भागातली अशी एकोणीस पानं निघाली. “चला,” सिस्टर म्हणाल्या, “एकोणीस तर एकोणीस.”

जीप डांबर संपेपर्यंत गेली. पुढे पायवाट. मी कारखान्यातले चामड्याचे बूट घालून आलो होतो, सोमवारी डॉक्टरांसमोर जरा बरं दिसावं म्हणून. पहिल्याच उतारावर मी बसून खाली आलो. सिस्टर साध्या चपलांत, खांद्याला पिशवी, पुढे. मी मागून ओरडलो, “सिस्टर, मी खुणेसाठी जागा करून देतो! आजच करतो!” त्या वळल्यासुद्धा नाहीत. “आत्ता बोलू नका, चढ आहे.”

पहिल्या घरी बाई ठणठणीत, नाचणी पाखडत बसलेली. दुसऱ्या घराला कुलूप, बाई लाकडं आणायला गेलेली. म्हणजे चालतीय, असं म्हणून सिस्टरांनी तिच्या नावापुढे नुसतं एक टिंब काढलं. चौथीची जीभ पांढरी होती, तिचं पान त्यांनी तिथेच, तिच्यासमोर, परत दुमडलं. मी बघत होतो. नखाने घडीवरून दोनदा घासलं त्यांनी. सातव्या घरी मला ताक दिलं आणि विचारलं, हे कोण पाव्हणं? सिस्टर म्हणाल्या, “कॉम्प्युटरवाले आहेत.” तेवढ्यात भागलं. अकराव्या घरापर्यंत दुपार झाली होती आणि माझे पाय सोलवटले होते, पण तक्रार करायला तोंड कुठे होतं?

तेराव्या घराच्या ओट्यावर एक बाई भिंतीला टेकून बसली होती. डोळे अर्धवट मिटलेले, चेहरा फुगलेला. सिस्टर अंगणातूनच म्हणाल्या, “हीच.”

सासू बाहेर आली. “दोन दीस झालं, डोकं लय दुकतंय म्हनती. डोळ्याम्होरं काळं येतंय. बाई म्हनल्या व्हत्या, सोमवारी नेऊ. आमी सकाळपून वाट बगतोय.”

सकाळपासून. मी घड्याळाकडे बघितलं नाही.

एका घोंगडीची झोळी करून नवऱ्याने, दिराने, एका शेजाऱ्याने आणि मी तिला जीपपर्यंत आणलं. मी धरलेला कोपरा सगळ्यात जास्त हिंदकळत होता. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी बीपी एकदा घेतलं, परत घेतलं, आकडा मोठ्याने सांगितला नाही, आणि इंजेक्शन देऊन सरळ नाशिकच्या सिव्हिलला न्यायला अँब्युलन्स काढायला सांगितली. त्या बाईला तिकडे मुलगी झाली, दोघी वाचल्या. पण हे मला चार दिवसांनी कळलं. त्या दुपारी कोणालाच काही माहीत नव्हतं. मी व्हरांड्यात भिंतीला धरून उभा होतो आणि ती मेली तर मी काय करायचं, एवढाच विचार डोक्यात फिरत होता.

अँब्युलन्सला वेळ होता. सासू आतून आली आणि तिने सिस्टरांना विचारलं, “ह्ये भाऊ कोन? सकाळपून तुमच्यासंगं फिरत्यात.”

आता सिस्टर सांगणार, मला वाटलं. सांगायलाच हवं होतं. त्या माझ्याकडे क्षणभर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “वहीचं काम करतात. तुमची सून शोधायला आले होते.”

म्हातारीने पदर सावरला आणि ती वाकली. चिखलाने भरलेल्या माझ्या बुटांवर तिने दोन्ही हात ठेवले, मग ते हात स्वतःच्या कपाळाला लावले. मला सांगता आलं असतं. निदान पाय तरी मागे घेता आले असते. मी घेतले नाहीत. तशाच अवस्थेत मी, देवळातल्या दगडासारखा, उभा राहिलो आणि तिला पाया पडू दिलं.

सिस्टरांनी पिशवी खांद्याला लावली.

“चला भाऊ,” त्या म्हणाल्या, “अजून सहा घरं राहिलीत.”