तिच्या तोंडी घातलेलं वाक्य

जनसंपर्काच्या धंद्यात मी बरीच वर्षं काढली. बेलापूरच्या एका एजन्सीत होते. कामोठ्याहून स्कूटरवर जायचे. काम मला आवडायचं. कंपनीची बाजू लोकांपुढे मांडणं यात मला कधी कमीपणा वाटला नाही. वकीलही तेच करतो. पण माझ्या पहिल्या बाईंनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्यांनी, एक गोष्ट पक्की करून घेतली होती. सांगायचं नसेल तर गप्प बसावं, पण जे घडलं नाही ते छापायला पाठवू नये.

एजन्सीचा साहेब वेगळ्या मुशीतला. गोड बोलायचा, प्रत्येकाला ‘डिअर’ म्हणायचा.

उरणकडच्या एका कोल्ड स्टोरेज कंपनीच्या प्रसिद्धीचं काम आमच्याकडे होतं. एका दुपारी तिथून अमोनिया गळला. शेजारच्या गावातल्या माणसांचे डोळे, घसे जळायला लागले. कंपनीचा भोंगा वाजलाच नाही. गावच्या पोरांनीच माणसं टेम्पोत घालून पनवेलच्या हॉस्पिटलात आणली. हे मला तिथल्या डॉक्टरांनी आणि नातेवाइकांनी सांगितलं, कारण दुसऱ्या दिवशी साहेब मला घेऊन तिथे गेला. सोबत फळांच्या करंड्या होत्या. करंड्यांना कंपनीच्या नावाची रिबन बांधलेली होती. ती बघूनच मला कसंतरी झालं.

वॉर्डात एक आगरी बाई होती, साठीच्या आसपासची. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. लेक उशाशी बसली होती. मी तिला माझा नंबर दिला, काही लागलं तर फोन कर म्हटलं आणि डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेले.

परत आले तर लेक पाणी आणायला गेली होती. साहेबाने त्या बाईचा मास्क हनुवटीखाली ओढला होता, करंडी तिच्या मांडीवर ठेवली होती आणि मोबाइल धरून म्हणत होता, “मावशी, एकच मिनिट. जरा हसा ना.”

बाई खोकत होती. खोकता खोकता तिचे दात दिसले, तेवढ्यात त्याने फोटो काढला.

मी धावत जाऊन मास्क वर चढवला. “सर, हे काय करताय?”

“अगं, मास्कमध्ये चेहरा कुठे दिसतो? निगेटिव्ह वाटतं ते.”

“आत्ता डिलीट करा.”

“केला, डिअर, केला,” म्हणत त्याने फोन माझ्यासमोर नाचवला.

सकाळी पेपर उघडला तर तोच फोटो. खाली त्या बाईच्या नावाने वाक्य : ‘कंपनीने आम्हाला वेळीच सुखरूप बाहेर काढले. आम्ही कायमचे ऋणी आहोत.’ वाक्याची घडण मी ओळखत होते. साहेबाच्या प्रत्येक प्रेसनोटमध्ये कोणी ना कोणी ‘कायमचे ऋणी’ असायचंच.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. “मॅडम, आय इचारते, मी ह्या कवा बोल्ले?”

मागून खोकल्याचा आवाज येत होता.

ऑफिसात गेल्यावर साहेबाला म्हटलं, “नोट मागे घ्या.”

तो हसला. “प्रेसनोट कोणी मागे घेतं का? आणि त्या बाईला फळं मिळाली ना? तिचं काय गेलं?”

“तिचा आवाज गेला, सर. तुम्ही तिच्या तोंडी स्वतःचं वाक्य घातलंत.”

“तू क्लायंटच्या बाजूची आहेस की गावाच्या?”

मी जागेवर बसले आणि ज्या ज्या पेपरांना नोट गेली होती त्यांना माझ्या नावाने कळवलं की हे वाक्य त्या बाईंचं नाही आणि फोटो परवानगीशिवाय काढला आहे. जेवणाच्या सुट्टीआधीच मला राजीनामा द्यायला सांगितलं. मी दिला. एका पेपरने आतल्या पानावर चौकटीत दुरुस्ती छापली. बाकीच्यांनी फोनही उचलला नाही.

मी हॉस्पिटलात जाऊन बाईला हे सगळं सांगितलं. माफीही मागितली. मास्क बाजूला करून ती म्हणाली, “मना इचारलं असतं तं मी खरा सांगला असता. इचारला कोनी?” मग तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. माझ्यावर खूश व्हायचं तिला काही कारण नव्हतं.

पुढे गावाने स्वतःची नोट काढायची ठरवली तेव्हा लेकीने मला बोलावलं. देवळाच्या ओट्यावर बसून मी लिहीत होते. एक गाववाला म्हणाला, “मॅडम, दोन मेले असं टाका. त्याशिवाय कोन बघतंय?”

“कोणी मेलेलं नाही, दादा. ते मी लिहिणार नाही.”

तो चिडला, उठून गेला. मी प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं आणि ज्याचं होतं त्याची मान हलल्यावरच ठेवलं.

त्या नोटेला फारशी जागा मिळाली नाही. साहेबाला मात्र वाशीच्या एका हॉटेलात संकटकाळातल्या उत्तम संवादाबद्दल पुरस्कार मिळाला. त्याची क्लिप एका जुन्या सहकाऱ्याने मला पाठवली. पडद्यावर त्या बाईचा फोटो होता, करंडीसकट, आणि सूटबूट घातलेली माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. त्यांतल्या निम्म्यांबरोबर मी जेवले आहे. आता त्यांचा फोन आला की मी घेत नाही. मला किळस येते.